टेरीचा दावा फेटाळला, म्हणे

हॅलो? स्वाती? अगं, कुणाचा विश्वास बसणार नाही… आत्ता मला हायकोर्टाच्या जजचा फोन आला होता! … हो, मलाच. लंडनमधल्या एजवेअरच्या रिटायर्ड डेंटिस्टला. हसतेस काय?

कुठे पोचलात? … तुरुंगाच्या कार पार्कमध्ये? मग उतरू नकोस. तुझ्या त्या टेरीचा दावा फेटाळला!

हो, तोच तुझा कैदी… त्याच्या मुलीने पाठवलेली चित्रं तुरुंगवाले त्याला देत नाहीत, तो… अगं ऐक ना! जज म्हणाला, 'डॉक्टर, मानवी हक्कांचा दावा वर्षाच्या आत लावावा लागतो. हा उशिरा आला.' … कोर्टातला तो पांढरा विग घालूनच बोलत होता. … कळतं आवाजावरून!

म्हणून म्हणतो, परत फिर. चारला स्टॅनमोरला आपल्या मराठी मंडळाचं नाटक आहे. माझ्या शेजारची खुर्ची मागच्या खेपेलाही रिकामी. वैजयंतीबाई विचारतात, 'स्वाती कुठंय?' काय सांगू? तुरुंगात?

मी? जळतोय? त्या टेरीवर? छे! … फक्त एवढंच, की समाजसेवा म्हणून त्याला भेटायला जाताना निळं कार्डिगन, आणि माझ्याबरोबर बाजारात येताना तो बागकामाचा कोट. त्याचं तासभर ऐकतेस. माझ्या गुडघ्याचं सांगायला लागलो की तुझ्या कुकरची शिटी होते.

… हो, हो, मुलीची चित्रं आहेत, मान्य. आपल्या सीमानेही लहानपणी काढली होती, ती मी तरी कुठे मागतोय?

जजचं नाव? … नाव… अगं, ते नाव सांगत नाहीत. सिक्युरिटी असते.

कोण खिदळतंय? … अन्वी? स्पीकरवर आहे मी? आधी सांगायचं ना! … बोल बाळ, बोल. तू टेरीची सॉलिसिटर, आजोबांचं खरं ठरव आता…

काय? … आधी तुरुंगातच तक्रार, मग ओम्बड्समनकडे, म्हणजे त्या बाहेरच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे… हो, हो, आजी सांगत होती सकाळी, मी पेपर वाचत होतो… मग? … अजून ओम्बड्समनकडेच आहे? … म्हणजे कोर्टात…

नाही गं, तसं नाही… स्वाती, तू का ओरडतेस? … 'दावा कोर्टात गेलाच नाही, तर जजने फेटाळला काय?'… बरोबर आहे, पण… 'थापाड्या'? नातीसमोर? … अगं, तुरुंगात मोबाइल नेता येत नाही, गाडीत ठेवून जायचं, कळलं, पण नाटकाला… स्वाती?

हॅलो?