सासूबाईंचं कार्टून

आमच्या सासूबाईंना गाड्यांच्या शर्यतीचं ते जुनं कार्टून फार आवडतं बघा. त्यातला लबाड गडी सगळ्यांच्या पुढे असतो, पण इतरांना अडवायला थांबतो आणि हरतो. "मुडद्या, पुढं हुतास की! थांबलास कशाला?" सासूबाई टीव्हीवर ओरडतात.

डेअरीवर पहिला नंबर लावायची आमच्या ह्यांची आणि शेजारच्या बाळूभाऊजींची रोजची चुरस. परवा हे पुढे होते. तरी मोटारसायकल उतारावर लावून भाऊजींच्या वाटेत बाभळीची फांदी ओढायला गेले. तेवढ्यात गाडी कलंडली आणि कॅनमधलं सगळं दूध मातीत गेलं.

भाऊजी कडेनं गाडी काढत म्हणाले, "दादा, फांदी वढू लागू का?"

रिकामा कॅन बघून सासूबाईंनी ह्यांच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि टीव्ही बंद केला.

"सूनबाई, आता टीव्ही कशाला? घरातच हाय की!"