परत आलेली पेनं

मी मूळची महाडची, वडलांचं तिकडं वह्या-पेनांचं दुकान, त्यामुळे लग्न होऊन नेरूळला आले नि सोसायटीतला खालचा गाळा रिकामा दिसला तेव्हा मिस्टरांना म्हटलं, मला पेनंच विकायची, दुसरं काय येत नाय मला. नव्वदच्या पुढचं साल असेल, समोर नुसती खडी नि चिखल, पण शाळा सुरू झाली होती.

काय सांगू तुमाला, या धंद्यात विश्वास ठेवायचा तो कुणावर? माल देणारा डुप्लिकेट रिफिली मिसळतो, गिऱ्हाईक आपलं फुटकं झाकण ठेवून नवं नेतं. म्हणून मी आधी विचारायची, पेन कशाला पायजे? शाळेच्या पोरांना जाड निबचं, दाबून लिहितात ना, ऑफिसवाल्यांना बॉलपेन, खाली कार्बन असतो त्यांच्या, आणि ड्रॉइंगचं पेन तर मी काउंटरवर चालवूनच द्यायची, त्याची निब म्हणजे बारीक नळी, शाई सुकली की चोंदली, मग नाव आमचं खराब.

तर हे मुकादम. तुर्भ्याला एका कारखान्यात मशिनींचे नकाशे काढायचे, गाव श्रीवर्धनकडं, माणूस गोड बोलणारा, आणि गोड बोलणाऱ्याचीच मला जास्त भीती. ड्रॉइंगचं पेन न्यायचे आणि थोड्या दिवसांनी परत, वहिनी, हे लाइन नीट देत नाय. मी बदलून दिलं, तर ते पण परत. धुऊन बघितलं, मस्त चालतंय. मनात आलं, हा माणूस काम उरकून घेतो नि पेन परत करतो. मिस्टर म्हणाले, जाऊ दे गं, तुला सगळेच चोर दिसतात. मी म्हटलं, दिसतात कारण असतात.

पुढच्या वेळी मी कागद नि पट्टीच पुढं केली, म्हटलं, मुकादमभाऊ, माझ्यासमोर लाइन मारा. त्यांनी आधी पट्टी दोनदा सरळ केली. मग मारली, आणि काय सांगू, पट्टी धरून पण रेघेला करवतीसारखे दात. पटकन हात खिशात घातला त्यांनी. म्हणाले, वहिनी, कारखान्यात कळलं तर घरी बसवतील, मुलीचं लग्न ठरलंय, मला वाटायचं पेनच खराब निघू दे.

वाईट वाटलं, पण संशय कुठं सुटतो, विचारलं, दारू? तोबा तोबा म्हणाले. डॉक्टरला दाखवलं? तर नाय, कसल्या आजाराचं नाव सांगेल त्याची भीती. मग मिस्टरांना त्यांच्यासोबत वाशीला धाडलं. डॉक्टर म्हणे, दम्याच्या गोळ्या घेता त्यानं हात थरथरतो, आणि गोळी बदलली. मला पटेना, इतकं सोपं कसं असेल? पण रेघ हळूहळू सरळ होत गेली, अगदी पयल्यासारखी नाय, तरी नोकरी टिकली, आणि लग्नात आमी दोघं श्रीवर्धनला जाऊन जेवून आलो.

आता नकाशे कॉम्प्युटरवर, ड्रॉइंगचं पेन कोण विचारत नाय. मुकादमभाऊ सीवूड्सला लेकीकडं असतात, ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन स्वतः येतात, मी आधी त्यांच्या हाताकडं बघते. वर अल्ला असो की देव, त्यानं तो हात असाच धड ठेवावा. तो डॉक्टर मात्र मला अजून पटलेला नाय.