रेवड्यांवरची कुस्ती

न्हाई न्हाई, निरोप मागून. आधी बस जरा. तिथं मातीत नको, पँट खराब हुईल तुजी — त्या खताच्या पोत्यावर बस. पहिल्या यष्टीनं पूर्णेहून आलास, बहिणीच्या हातचा चहा घ्यायच्या आधी दाजीला बघायला तालमीत आलास, लय बरं वाटलं रामकिशन. पन चंद्रभान काय म्हनला ते आत्ताच सांगू नको. पन्नासची धरलीय मी, बेचाळीस झाल्यात. बैठकांचा आकडा एकदा धरला की मधी मोडायचा न्हाई, तात्याराव वस्तादाचा कायदा हाय — मोडला की परत एकपासून सुरू. त्रेचाळीस — ऐकलास? कडाकडा? लाकूड न्हाई मोडलं कुठं, दाजीचा गुडघा हाय त्यो. चव्वेचाळीस. हसतोस कामून? पंचेचाळीस — वय बी तेवढंच, आता बराबर झाली बघ. खाली जाताना काही वाटत न्हाई, वर येताना गुडघ्यात कुनी दाभन खुपसायलंय असं वाटतंय. शेहेचाळीस — थांब, ह्या खांबाला धरतो. खांबाला धरून मारलेली मोजायची का न्हाई? वस्ताद असता तर न्हाई म्हनला असता. वस्ताद मेला. मोजायची.

झाल्या. बसतो आता. — परभणीच्या हाडाच्या डॉक्टरकडं गेलतो की, दैवशालानं सांगितलं न्हाई तुला? फोटो काढला, उजेडाला धरला, म्हनला बन्सीधरराव, गुडघ्यातली गादी झिजलीय, आता मांडी घालायची न्हाई, उकिडवं बसायचं न्हाई. मी म्हनलं डॉक्टरसाहेब, उकिडवं बसायचं न्हाई तर सकाळी टमरेल घेऊन कुठं जाऊ, परभणीला येऊ का? त्यो हसला, पन हेका सोडला न्हाई. तुजी बहीन रोज निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून शेकायलीय, अन शेकता शेकता शिव्या घालायलीय. म्हनती, लेकीला बघायला पाव्हणे यायची येळ, अन बाप लंगोट लावून उड्या मारायलाय. सोळा वर्सं तालमीकडं फिरकले न्हाईत, आता कोनती हौस आलीय? बराबर हाय तिचं. सोळा वर्सं. हितं आबासाहेबाची खताची पोती पडलेली असायची — अजून हायत तेवढी, बघ, त्यावरच बसलास तू. मी म्हैनाभर झाडलं, उंदराची बिळं बुजवली, कुस्तीचा हौद खणला, ताक वतलं, हळद टाकली, लिंबं पिळली — अन मातीला वास सुटला तवा रडू आलं रे मला. खोटं कामून बोलू. खणताना कंबर धरली ती अजून सुटली न्हाई, पन रडू त्याचं नव्हतं.

लोकाला सांगतो साखर लागलीय, डॉक्टरनं कसरत सांगितलीय. साखर-बिखर काही न्हाई मला. तुज्यासंगं निरोप काय दिलता मी? की हनुमान जयंतीच्या जत्रेला ये, एक कुस्ती खेळू, म्हाताऱ्या-म्हाताऱ्याची, रेवड्यांवरची. बारक्या पोरांच्या लावतेत न सगळ्यात आधी, जिंकला त्याला मूठभर रेवड्या, तशी. आबासाहेब पंच हाय, माजा चुलत भाऊच, त्याला इचारलं तर पोट धरून हसला, म्हनला लावू की बन्सी, पोरं खूश हुतील. मी बी हसलो. तुला दिला त्यो एवढाच निरोप. बाकीचा अर्धा दिला न्हाई, कारन — कारन तू सोयरा मानूस, बहिणीला जाऊन सांगशील. आता ऐक. मला त्या कुस्तीत पडायचंय. ठरवून न्हाई, समजून-उमजून न्हाई — खरंखुरं, चंद्रभाननं उचलून आपटावं, दोन्ही खांदे मातीला लागावेत, अन गावानं बघावं. मग कसरत कामून करायलाव दाजी, म्हनतोस? अरे येड्या, पाडून घ्यायला आधी उबं राहावं लागतंय! ह्यो गुडघा आपसूक वळला अन मी बसलो, तर लोक म्हनतेल म्हातारं घसरलं. मग त्याला काय मिळालं? पाच मिन्टं तरी मी त्याच्यासमोर ताठ टिकलो पायजे, मागून त्यानं पाडलं तर ते पाडनं. पाच मिन्टासाठी हायत ह्या पन्नास.

तू तवा लय बारका व्हतास, तुला काय ठाव. धा वर्सं आमची जोड. रोज सकाळ-संध्याकाळ त्यो अन मी, ह्याच हौदात. गावाला इचार, चंद्रभाननं बन्सीला कवा पाडलं का? गाव म्हननार, एकदा बी न्हाई. अन हितं दार लावल्यावर? हितं दोन दिवसाआड पाडायचा मला. कलाजंग डाव असा टाकायचा की कळायच्या आत आभाळ दिसायचं. पन जत्रा आली, नागपंचमी आली, चारचौघांत कुस्ती लागली — की मी जिंकायचो. समजलं का? कुनी बजावलं नव्हतं त्याला. मी बी कधी म्हनलो न्हाई की सोड. फकस्त हलगी वाजली की त्याच्या मनगटातला जोर जरासक ढिला पडायचा. दुसऱ्या कुनाला कळायचं न्हाई, मला कळायचं, त्याचं अंग मी माज्या अंगापरीस वळखत व्हतो. त्यांच्या वस्तीतल्या पोरानं पाटलाच्या भावकीतल्या पोराला गावासमोर चीत करायचं, अन मग दुसऱ्या दिवशी त्याच्या मायनं कोनाच्या शेतात कामाला जायचं? तर मी त्याच्या छातीवर, लोक गुलाल उधळायचे, अन त्यो खालून माज्याकडं बघून हसायचा. मी फेटा बांधून घरी. धा वर्सांचे फेटे हायत, दैवशालानं त्यातल्या दोनाच्या गोधड्या शिवल्या.

अन माज्या मनात तसलं काही नव्हतं बघ. मातीत जात न्हाई म्हनायचा वस्ताद. त्याची मान माज्या काखेत, माजं डोकं त्याच्या पोटाला — शिवाशीव कसली घेऊन बसलास? पान्याची घागर तेवढी येगळी व्हती त्याची. ती काय आमी ठिवली नव्हती, पहिल्यापासूनच व्हती, त्या कोपऱ्यात. उलट कडूबाई, त्याची माय, शेतात आली की तिच्या फडक्यातली भाकर खाल्ली मी, ठेचा लावून, कितींदा. घरी सांगितलं न्हाई, एवढंच. — हां, घागरीचं मी बोललो न्हाई काही. बोलायला पायजे व्हतं म्हनतोस? तू काही म्हनला न्हाईस, बरं. मीच म्हनतो. पायजे व्हतं.

मग ते अठ्ठ्याहत्तर साल. विद्यापीठाला बाबासाहेबाचं नाव द्यायचं ठरलं अन गावोगाव डोकी फिरली. ज्यानं शाळंची पायरी बघितली न्हाई त्यो बी म्हनायला लागला, आमचं विद्यापीठ! मी सोता चौथी नापास. नागपंचमीच्या कुस्त्या चार दिवसांवर आलत्या. दिवस कलला व्हता, भाईर कालवा सुरू झाला, वस्ताद म्हनला पोरांनो, कडी लावा, कुनी भाईर जाऊ नका, आपलं काम करा. मी पाचशेची धरली व्हती. एकशे चाळीसला असन, दारावर थाप पडली. आता तुला खरं सांगतो, एवढा कालवा व्हता, कोन हाय काय हाय काही वळखू — काय? दैवशाला काय म्हनली तुला? वस्ताद त्या दिवशी गंगाखेडला लेकीकडं व्हता?

तिला लय ध्यानात राहतंय.

व्हय, गंगाखेडलाच व्हता. पोरं बी नव्हती. एकटाच व्हतो मी, कडी मीच लावली. अन वळखू आलं, कामून येनार न्हाई? चंद्रभानचाच आवाज. म्हनला, बन्सी, दार उघड, मायला तरी आत घे. दोनदा म्हनला. तिसऱ्या बारीला निस्ती थाप. अन मी — हे आजवर कुनाला बोललो न्हाई रामकिशन, तुज्या बहिणीला बी न्हाई — मी बैठका मारीतच व्हतो. थांबलो न्हाई. मनात म्हनलं, आकडा धरलाय, मोडला तर परत एकपासून. पाचशे झाल्या की उघडतो. खरंच असं म्हनलो, मनाशी, शाना मानूस असल्यासारखा. एकशे एक्केचाळीस, एकशे बेचाळीस. भ्या वाटलं असंल, असं म्हनायलास का तू? ते म्हनलं की सोपं पडतंय, भ्या सगळ्यालाच वाटतंय. पन भाईर माजेच भाऊबंद व्हते, आबासाहेब व्हता त्यात, माज्या अंगाला कोन हात लावनार व्हतं? शिव्या खाल्ल्या असत्या चार. भावकीनं दोन म्हैने बोलनं टाकलं असतं. तेवढंच! तेवढ्यासाठी मी पाचशे पुऱ्या केल्या, तवा कडी काढली, तर दारात कोनी न्हाई. तिकडं वस्तीवर धूर. कडूबाईचा हात कोपरापर्यंत भाजलेला, अन ओढ्याच्या चिखलातून तिला पाठीवर घेऊन त्यानं स्टेशन गाठलं, पूर्णेला गेला, असं मागून कळलं. मागून म्हंजे दोन दिवसांनी. मी तिकडं गेलो न्हाई बघायला. तवापासून हितं पाय टाकला न्हाई. लोकाला वाटलं, शेती अंगावर पडली, पैलवानकी सुटली.

अन आता संक्रांतीला दिलं की सरकारनं नाव. पारावर रेडू लावलता, सगळे गुमान ऐकत बसले, कोनी हूं का चूं केलं न्हाई. आबासाहेब धोतर झटकून उठला, म्हनला, चला, मिटलं एकदाचं. मिटलं! मी तिथंच बसून राहिलो, मला उठताच येईना, लोक म्हनले गुडघा धरला वाटतं बन्सीचा. गुडघा तर धरलाच व्हता. पन मी म्हनलो ह्याचं कसं मिटलं, माजं तर अजून सुरूच हाय. त्याच आठवड्यात तुला निरोप दिला, तू अन त्यो रेल्वेच्या एकाच शेडात काम करताव म्हनून. माफी माग म्हनशील, तर माफी मला जमत न्हाई, तोंडात शब्द वळत न्हाईत, अन बोलून काय — बोलनं हवेत जातंय. अंगाचं देनं अंगानंच द्यावं. जे त्यानं धा वर्सं गावासमोर सोडलं, ते त्यानं घ्यावं. मी पाठीवर पडतो, लोकाला हसू दे, आबासाहेबाला बी बघू दे. रेवड्या त्याच्या.

बरं, आता सांग. नको, आधी सांग दिसतो कसा? केस पिकले? सगळेच? अन अंग? — अजून मारतो? तीनशे! रोज? कॉलनीतल्या पोराला शिकवायलाय? बघ, म्हनलं नव्हतं मी! गुडघ्याला काही न्हाई त्याच्या? काहीच न्हाई? असला मानूस हाय त्यो. मग तर मला दोन मिन्टात आपटतो. तीन. तीन तर टिकन मी, अजून म्हैना हाय. — अन कडूबाई? कवा गेली? — दोन वर्सं झाली. बरं. मला कोन सांगनार. अन माजं नाव घेतल्यावर काय केलं त्यानं? हसला का, पहिल्यासारखा? — न्हाई हसला. येळ नसंल मिळत त्याला, रेल्वेची नोकरी, सुटी कोन देतंय जत्रेला. मग मी येतो की पूर्णेला! सांग त्याला, तिथं खेळू, त्याच्या पोरांसमोर, गावात नको तर नको — खाली कामून बघायलास? बोल न. मला काही लागनार न्हाई, पैलवान मानूस हाय मी. त्याच्या तोंडचं सांग, तुजं काही घालू नको त्यात.

परत सांग.

मला त्याच्या अंगाला हात लावायचा न्हाई. — असं म्हनला? असंच? रागात म्हनला का? — रागात न्हाई. तुला चहा पाजला, घरचं इचारलं, दैवशालाचं इचारलं, अन मग म्हनला. बरं.

बरं.

न्हाई, काही न्हाई झालं. चहा पाजला न तुला, चांगलं केलं त्यानं. जा तू आता घरी, बहीन वाट बघत असंल, सकाळधरून दोनदा बस आली का म्हनून इचारलं तिनं. मी येतो मागून. — न्हाई, नको. हात देऊ नको. उठतो मी, माजा मी उठतो, जरा येळ लागतो, एवढंच. — नको म्हनलं न, रामकिशन! जा.