कपाळावरची आठी

कानाच्या दवाखान्यात समोरच्या आजी शेजारी बसलेल्या आजोबांशी इतक्या मोठ्याने बोलत होत्या, की कानात कापूस घालून बसलेल्या शाळेच्या बाईंनाही सगळं ऐकू येत होतं.

"डॉक्टरांना खरं सांगा, कधीपासून ऐकू कमी येतंय."

"झाली दोन वर्षं."

"अगंबाई! मग शर्यतीची जुनी गाडी ट्यून कशी करता? कार्बोरेटरचा स्क्रू तर तुम्ही आवाजावर लावता!"

"लावायचो. आता तुझ्याकडे बघून लावतो."

"माझ्याकडे?"

"तू गॅरेजच्या दारात भाजी निवडत बसतेस ना? इंजिन अडखळलं की तुझ्या कपाळाला आठी पडते. आठी गेली की मी हात थांबवतो."

"म्हणून भाऊजी मोठं इंजिन देत होते, ते नको म्हणालात?"

"त्याचा आवाज तुझ्या ओळखीचा कुठाय? आपल्या इंजिनाचा तू लग्नापासून ऐकतेयस."

"मग कानाचं मशीन कशाला? मी आहे की."

"शर्यतीआधी शेवटचा हात फिरवायचा असतो. नेमकी तेव्हाच तू घाबरून ओंजळीत तोंड लपवतेस."

मग आजी काहीतरी इतकं हळू पुटपुटल्या, की बाईंनी घाईने कापूस काढला.

"यंदा नाही लपवणार."

आजोबा त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

"बरं," ते म्हणाले.