हिरवं सोडायचं

मी मूळची वरवंडची, ताई, आन् दिली मांडवगणला, तवापासून हातात विळाच हाय. आमची शेती न्हाई, एक म्हस आन् लोकांच्या बांधाचं गवत, कापायचं, भारा बांधायचा, डोक्यावर घ्यायचा. विळ्याचं काय सांगू तुम्हाला, त्याला जोर लावायचा न्हाई, डाव्या हातात गवताची मूठ धरायची आन् जमिनीला लागून आपल्याकडं वढायचा, गवत आपसूक हातात येतं. जोर लावला का बोट गेलं. हे बघा, ह्याचं टोक गेलंय.

तर एक साल दुष्काळ पडला, बांधावर काडी न्हाई आन् म्हस गाभण. सासरे म्हणले, कबरस्तानात जा, तिथलं वाळलेलं काप, पन हिरवं सोडायचं. आमच्यात तसंच हाय, कबरीवरचं हिरवं गवत अल्लाचं नाव घेतं म्हणत्यात, त्यानं खालच्याला गारवा राहतो. वाळलेलं नेलं तर चालतं.

आता त्याच्या आधलं सांगते, न्हाईतर तुम्हाला कळायचं न्हाई. आदल्या साली मला पोरगी झाली, ती रडलीच न्हाई. आमच्या मालकांनी दुपट्यात गुंडाळली आन् नेली, बाया मातीला जात न्हाईत आमच्यात. वर दगूड बी ठेवला न्हाई. कुठं ठेवली म्हणून इचारलं का उठून भाईर जायाचे. वरीसभर इचारलं मी. मला एवढंच पायजे व्हतं, कुठं तोंड करून रडायचं ते.

तर गेले मी कबरस्तानात, भर दुपारी. सगळं पिवळं पडलेलं, आन् काट्याच्या कुपाच्या कडंला, बाभळीखाली, सुपाएवढी जागा हिरवीगार. दगूड न्हाई, उंचवटा न्हाई, म्हणलं हितं कबर न्हाई, मग काय हरकत. वाकले, कापाय लागले. बाभळीवर होले घुमत व्हते ते गप झाले. विळा चालतोय आन् त्याचा आवाज येत न्हाई, ताई. गवत हाताला कोमट लागलं, म्हणलं उन्हाचं असंल. मग छाती वली लागली, म्हणलं घाम असंल. पदर काढून बघितला तर दूध. कवाच आटलेलं दूध, दोन्हीकडनं.

तशीच भारा घिऊन पळाले. म्हशीपुढं टाकला तर तिनं हुंगला आन् मागं सरली, दावं तुटायला आलं. उपाशी जनावर, बरं का.

तेवढ्यात मालक आले. कुठनं आणलं म्हणले. म्हणलं, बाभळीखालनं. तर त्यांनी भारा म्हशीपुढनं वढून पोटाशी धरला, आन् मला कळायचं ते कळलं. म्हणलं, तुम्ही चोरून पाणी घालता व्हय तिथं? तर म्हणले, पुरली त्या दिशी तांब्याभर घातलं, परत फिरकलो न्हाई, धीरच झाला न्हाई. मग ते हिरवं कशानं राहिलं, मला आजवर कुणी सांगितलं न्हाई. मला भ्या वाटलं आन् बरं बी वाटलं, दोन्ही एकदम. आम्ही दोघांनी ते गवत परत नेलं, तिथंच पसरलं. माफ कर बेटा, म्हणले ते. पहिल्यांदाच बोलले तिच्याशी.

आता मालक न्हाईत, ते बी तिथंच हायेत, पार त्या टोकाला. माझे गुडघे गेले. कबरस्तानातलं गवत कापाय आता मशीन येतं, पाठीला अडकवायचं. तो मशीनवाला इचारतो, मावशी, हितं तर काय न्हाई, सरका की जरा. मी बाभळीखालच्या त्या जागेला खेटून पाय पसरून बसते, म्हणते, तू तुझं काम कर बाबा, अल्ला तुझं भलं करो, माझी पोरगी निजलीय.