तांबटांच्या गल्लीतला ठोका

“दादा, हळू बोल की. सगळा दवाखाना ऐकतोय.”

कानांच्या डॉक्टरकडे माझ्या शेजारच्या बाकावर ही भावंडं बसली होती. थोरला तांबट, आणि धाकटीनं त्याला जवळजवळ ओढूनच आणलेलं.

“ऐकू दे. तांबटांच्या गल्लीत कुजबुजायला कोण शिकवणार होतं? अगं, भर दुपारी चोरानं हातोड्यानं कुलूप फोडलं, तर गल्लीला वाटलं, कुणीतरी नवीन दुकान काढलं. आजोबांनी घरातूनच ओरडून सांगितलं, ‘हात जरा हलका ठेव.’”

“आणि चोरानं ठेवला. शंभरदा ऐकलंय. हंड्याला तडा कसा गेला, ते सांग.”

“आणि एकदा तांबं मिळेना म्हणून काम बंद पडलं, तर गल्लीतली झाडून सगळी तान्ही पोरं रडायला लागली. शांततेत झोपायची सवयच नव्हती ना! आजी पाळण्याशेजारी बसून परात बडवायला लागली, तेव्हा कुठे आपला बाप झोपला.”

“दादा, हंडा.”

“तांबं खराब आलं असेल.”

“तडकलेला हा तिसरा आहे. गल्लीत आता तू एकटाच उरलास, म्हणून गिऱ्हाईक गप्प बसतंय.”

“ठोकून ठोकून तांबं कडक झालं, की ठोक्याचा आवाज बदलतो. तेव्हा थांबून तापवायचं, नाहीतर तडकतं. बाबांनी पहिल्यांदा हेच शिकवलं होतं.”

“मग?”

“तो बदललेला आवाज मला ऐकू येत नाही गं.”