रविवारचा मोगरा

नवघरला रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे दोघीजणी उभ्या होत्या.

"ताई, जरा मनगट द्या. हा सेंट कसा वाटतो सांगा."

"गोड आहे गं. पण फार जड, डोकं दुखेल. कोणी दिला?"

"ह्यांनी. लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी आणलं."

"मग स्वतःला लाव की."

"काल लावला. मोगरा आहे हो. आठवडाभर कारखान्यात मोगऱ्याच्याच अगरबत्त्या भरते मी. रविवारी घरात बसून वाटलं, ड्युटीवरच आहे."

"मग सांग त्यांना, दुसरा आणा म्हणावं. गुलाबाचा."

"कसं सांगू? म्हणाले, वैजयंता, तू संध्याकाळी घरी आलीस की जो वास येतो ना, तोच दुकानादुकानात शोधत होतो."

"अगंबाई! मग?"

"मग काय, आता रविवारीपण लावायचा."